हातांनी पोलाद वाकवणं: सळई कधी नमते आणि का

सहा इंच लांब, साडेसहा मिलिमीटर जाड खिळा दोन्ही मुठींत धरून जीव खाऊन दाबला, तरी बहुतेकांच्या हातून काहीच घडत नाही. खिळा जसाच्या तसा राहतो आणि तळहातावर लाल वळ उठतो. या छंदात मुरलेला माणूस तोच खिळा दहा-पंधरा सेकंदांत दुमडून त्याची दोन्ही टोकं जवळ आणतो. त्याचे दंड तुमच्या-आमच्यापेक्षा फार मोठे असतातच असंही नाही. बघणाऱ्याला मग वाटतं, एक तर हा माणूस जगावेगळा आहे किंवा खिळ्यात काहीतरी काळंबेरं आहे.

खिळा अस्सल असतो. जोर सळईच्या कोणत्या भागावर, कोणत्या दिशेने आणि किती अंतरावरून लागतो, यावर सगळं अवलंबून असतं. हे गणित समजलं की कोणती सळई आज आपल्या आवाक्यात आहे, कोणती काही महिन्यांनी येईल आणि कोणतीच्या वाटेला अजिबात जाऊ नये, हे हात लावण्याआधीच सांगता येतं. या छंदाचं मला सर्वात जास्त आकर्षण वाटतं ते याचंच. पोलाद कुणाची भीड धरत नाही, पण आधी हिशोब मात्र मांडू देतं.

छंद नवा नाही. विल्नियसमध्ये जन्मलेले अलेक्झांडर झास (१८८८–१९६२) पहिल्या महायुद्धात युद्धकैदी होते. पुढे ‘सॅमसन’ या नावाने त्यांनी साखळ्या तोडून आणि गज वाकवून दाखवण्याचे खेळ केले. स्नायूंच्या घेरापेक्षा स्नायूबंधांची ताकद महत्त्वाची, हे ते आयुष्यभर सांगत राहिले. पोलंडमध्ये जन्मून अमेरिकेत गेलेले जोसेफ ग्रीनस्टीन (१८९३–१९७७) ‘मायटी ॲटम’ म्हणून गाजले. उंची जेमतेम सव्वापाच फूट, आणि ऐंशी ओलांडल्यावरही ते लोकांसमोर पोलाद वाकवत होते. आज हा छंद बराच मोजूनमापून केला जातो. आयर्नमाइंड या अमेरिकन कंपनीचा ‘रेड नेल’ म्हणजे ७ इंच लांब आणि ५/१६ इंच, म्हणजे जवळपास ८ मिलिमीटर जाड सळई. ती हातांनी दुमडणं हा जगभर ओळखला जाणारा टप्पा आहे.

वाकणं दोन प्रकारचं

कोणत्याही सळईवर थोडा जोर लावला तरी ती वाकते, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही. जोर काढला की ती पुन्हा सरळ होते. हा लवचीक टप्पा. यात एक गोष्ट अशी आहे की नवख्या माणसाला ती पटतच नाही: मऊ खिळा असो की कडक बोल्ट, या टप्प्यात सगळी पोलादं जवळपास सारखीच ताठ असतात. सारख्या जाडीची मऊ आणि कडक सळई डोळे मिटून हातात घेतली आणि हलकेच दाबली, तर दोघींत फरक कळणार नाही. फरक आहे तो लवचीक टप्पा कुठे संपतो यात. म्हणून ‘हाताला मऊ लागतेय’ या भरवशावर सळई निवडू नये.

लवचीक टप्पा जिथे संपतो त्या ताणाला अभियंते यील्ड स्ट्रेंग्थ म्हणतात. साध्या मऊ पोलादाची, म्हणजे माइल्ड स्टीलची, यील्ड स्ट्रेंग्थ साधारण २५० मेगापास्कल असते. सोप्या भाषेत, पोलादाच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर सुमारे २५ किलोंचा ताण आला की ते कायमचं बदलायला लागतं. हे बदलणं म्हणजे काय, याचं नीट उत्तर १९३४ साली मिळालं. टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे दाखवून दिलं, की धातूच्या स्फटिकात अणूंच्या रांगा एकदम सरकत नाहीत. रांगांमध्ये जागोजागी बारीक चुका असतात, त्यांना डिसलोकेशन म्हणतात. ताण आला की या चुका पुढे पुढे सरकतात आणि त्यांच्यासोबत धातूचा थर थोडा थोडा घसरतो. या चुका नसत्या तर पोलाद आजच्यापेक्षा कितीतरी पटींनी बळकट झालं असतं आणि हा छंद जन्माला आलाच नसता.

आता सळई वाकताना आत काय चाललेलं असतं ते बघू. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पोलाद ताणलं जातं, आतल्या अंगाला दाबलं जातं आणि मधोमध एक पातळ थर ना ताणला जातो ना दाबला. ताण सर्वात जास्त असतो तो पृष्ठभागावर. त्यामुळे आधी फक्त बाहेरची साल नमते. गाभा अजून लवचीकच असतो आणि तो सळईला धरून ठेवतो. गोल सळईत साल नमायला जेवढा जोर लागतो, त्याच्या १.७ पट जोर लागल्यावरच आख्खा छेद, म्हणजे सालीपासून गाभ्यापर्यंतची सगळी जाडी, नमतो आणि सळई खऱ्या अर्थाने वाकू लागते. सराव करणाऱ्यांना हा मधला पट्टा हाताने ओळखता येतो. सळई किंचित ‘दबल्यासारखी’ वाटते, सोडून बघितली तर जेमतेम एक-दोन अंशांचा बाक दिसतो. पुष्कळजण नेमके इथेच ‘जमत नाही’ म्हणून सोडून देतात. खरं तर तेव्हा ते निम्म्यापेक्षा जास्त वाटेवर आलेले असतात.

जाडी का घात करते

संपूर्ण छेद नमवायला लागणारा जोर हा जाडीच्या घनावर ठरतो. जाडी दुप्पट झाली तर जोर आठपट लागतो. कारण असं, की जाडी वाढली की विरोध करणारं पोलाद वाढतं (हा झाला वर्ग), शिवाय ते मधल्या थरापासून लांब जातं, म्हणजे त्याची तरफही वाढते (म्हणून घन).

आकडे घेऊ. ६ मिलिमीटर जाडीची साधी मऊ गोल सळई वाकवायला सुमारे ९ न्यूटन-मीटर लागतात. म्हणजे १० सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला ९ किलोंचा जोर लावण्याइतकं. तेच पोलाद ८ मिलिमीटर जाड असेल तर २१, १० मिलिमीटर असेल तर ४२ आणि १२ मिलिमीटर असेल तर ७२ न्यूटन-मीटर. दोन-दोन मिलिमीटरच्या पायऱ्या दिसायला सारख्या दिसतात, पण हाताला त्या अजिबात सारख्या नसतात. सहावरून आठवर उडी मारताना कष्ट एकदम दुपटीच्याही वर जातात. साडेसहा मिलिमीटरच्या खिळ्यावरून रेड नेलकडे जाताना फक्त जाडीपोटीच जोर जवळपास १.८ पट होतो.

पोलादाची जात हा दुसरा भाग. तीच ६ मिलिमीटरची सळई थंड अवस्थेत साच्यातून ओढून काढलेली, चकचकीत पृष्ठभागाची असेल तर ९ ऐवजी १३-१४ न्यूटन-मीटर लागतात. गरम लाटलेली सळई काळपट असते आणि तिच्यावर भुरभुरीत पापुद्रा असतो. ती मऊ. बोल्टच्या बाबतीत तर सगळं डोक्यावरच लिहिलेलं असतं. ८.८ असा आकडा असेल तर पहिल्या आठला शंभराने गुणा: ८०० मेगापास्कलला तो तुटतो. दुसरा आकडा सांगतो की त्याच्या ८० टक्क्यांवर, म्हणजे ६४० वर, तो नमतो. १२.९ चा बोल्ट १०८० वर नमतो, म्हणजे साध्या सळईच्या चौपटीहून कडक. अमेरिकन इंची बोल्टवर आकड्यांऐवजी रेघा असतात. तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, सहा रेघा म्हणजे ग्रेड ८.

स्टेनलेस स्टीलचा स्वभाव वेगळा आहे. मऊ केलेलं ३०४ प्रतीचं स्टेनलेस सुरुवातीला साध्या पोलादासारखंच नमतं, पण वाकता वाकता झपाट्याने कडक होत जातं. सुरुवात सोपी आणि शेवट जीवघेणा, असा अनुभव येतो. मला तरी नवख्यांसाठी ते योग्य वाटत नाही.

हवेतल्या सळईला टेकू नसतो

ही या लेखातली सर्वात महत्त्वाची गोष्ट आहे, म्हणून जरा थांबून समजावतो.

सळई गुडघ्यावर टेकवून दोन्ही टोकं ओढली तर हिशोब सरळ आहे. गुडघा हा टेकू, आणि टोक जितकं लांब तितकी तरफ मोठी. पण छातीसमोर हवेत धरलेल्या आखूड सळईला कुठेच टेकू नाही. तिला फक्त दोन मुठी माहीत आहेत. डाव्या मुठीने सळई एका दिशेला ढकलली आणि उजवीनेही त्याच दिशेला ढकलली, तर सळई वाकणार नाही, आख्खीच्या आख्खी त्या दिशेला जाईल. सळई जागेवर राहून वाकायची असेल तर प्रत्येक मुठीने एकाच वेळी दोन उलट कामं केली पाहिजेत. मुठीच्या एका कडेने सळई पुढे रेटायची आणि दुसऱ्या कडेने मागे खेचायची. म्हणजे प्रत्येक मूठ स्वतःपुरता एक पीळ तयार करते आणि दोन्ही मुठींचे पीळ एकमेकांच्या विरुद्ध असतात. त्या दोन कडांमधलं अंतर, म्हणजे तर्जनीच्या मुळापासून करंगळीच्या बाजूच्या तळव्यापर्यंतचं ६-७ सेंटिमीटर, एवढीच काय ती तुमची तरफ.

सुरुवातीच्या खिळ्याचं उदाहरण घ्या. खिळ्याची तार ओढून काढलेली असते, म्हणून ती बरीच कडक. ५५० मेगापास्कल धरले तर वाकवायला सुमारे २५ न्यूटन-मीटर लागतात. सात सेंटिमीटर तरफेवर याचा अर्थ असा, की प्रत्येक मुठीच्या आतल्या कडेवर ३६ किलो आणि बाहेरच्या कडेवर उलट दिशेने तेवढेच ३६ किलो. आणि हा सगळा भार साडेसहा मिलिमीटर रुंदीच्या धातूवरून हाडामांसाच्या तळहातात उतरतो. छाती-खांदे कितीही भरदार असले तरी पहिला क्षण मनगटाचा आणि कातडीचा असतो. दोनशे किलो उचलणारे पैलवानगडी खिळ्यापुढे अडतात ते इथे.

लांबीचं कोडंही यातूनच सुटतं. सात इंची सळईची प्रत्येक बाजू जवळपास नऊ सेंटिमीटर, तिच्यावर आख्खी मूठ बसते. पाच इंची सळईची बाजू सव्वासहा सेंटिमीटर, त्यामुळे मूठ बाहेर लोंबकळते, दोन कडांमधलं अंतर घटतं आणि तीच सळई एकदम अवघड होते. सळई मोठी असेल तर मात्र उलटं असेलच असं नाही. हवेत धरलेल्या सळईचा मुठीबाहेरचा भाग काहीच मदत करत नाही.

कापड किंवा चामडं गुंडाळण्याचं कारणही हेच. तळहात आणि पोलाद यांच्यातला दाब पसरतो, दुखणं कमी होतं आणि मेंदू हाताला पूर्ण जोर लावू देतो. दुखण्याच्या भीतीने हात आपोआप आखडता घेतो, त्यावर निव्वळ जिद्दीचा फारसा उपाय चालत नाही. घट्ट गुंडाळलेलं जाड चामडं मऊ कापडापेक्षा जास्त आधार देतं. म्हणूनच कुणी काय वाकवलं हे सांगताना, त्यावर काय गुंडाळलं होतं हेही सांगण्याचा शिरस्ता आहे, आणि तो योग्यच आहे.

धरण्याच्या पद्धती मुख्यतः तीन. दोन्ही तळवे खाली, दोन्ही तळवे वर, आणि एक वर एक खाली. पहिली सर्वात जास्त वापरली जाते, कारण तिच्यात सळई हनुवटीखाली, छातीजवळ ठेवून खांद्यांचा जोर मनगटांत उतरवता येतो. दुसरीत कोपर आणि मनगटांच्या आतल्या बाजूची परीक्षा होते. कोणती जमते हे हाताच्या ठेवणीवर आहे. तिन्ही करून बघावीत.

पहिला बाक, मग लोट, मग चेपणं

वाकवणारे पूर्ण कृतीचे तीन भाग पाडतात: किंक, स्वीप आणि क्रश.

किंक म्हणजे पहिला बाक. वर सांगितलेला सगळा मनगटांचा संघर्ष इथला. सळई अगदी सरळ असते तोपर्यंत दोन्ही हात एकमेकांकडे दाबून काहीच उपयोग होत नाही, कारण तो जोर सळईच्या लांबीतूनच निघून जातो. पण तीस-चाळीस अंशांचा बाक आला की चित्र पालटतं. सळईचा मध्य आता दोन्ही मुठींना जोडणाऱ्या रेषेपासून दूर गेलेला असतो. मुठी एकमेकींकडे दाबल्या की तेवढंच अंतर तरफ म्हणून मिळतं, आणि बाक वाढेल तसं ते अंतरही वाढतं. आता छाती, खांदे आणि दंडांना कामाला लावता येतं. हा स्वीप. दिसायला हा भाग सर्वात जोरकस असतो, पण बहुतेकांना तो सर्वात सोपा जातो.

नव्वद अंशांपुढे क्रश. कागदावर इथे तरफ सर्वात मोठी असते, तरी कित्येक प्रयत्न इथेच बारगळतात. मुठी एकमेकींना भिडतात, गुंडाळलेलं कापड मध्ये येतं आणि मनगटं वेड्यावाकड्या कोनात जातात. शिवाय तोवर बाकाजवळचं पोलाद सुरुवातीपेक्षा कडक झालेलं असतं. मग कापड सोडून बोटं एकमेकांत गुंफायची आणि तळव्यांनी सळईचे दोन्ही पाय चेपत आणायचे. टोकांमधलं अंतर दोन इंचांपर्यंत आलं की सळई ‘पूर्ण’ झाली असं सर्वसाधारणपणे मानतात. ती सोडल्यावर पाय थोडे मागे उघडतात, कारण लवचीक भाग परत फिरतो. त्यामुळे दोन इंचांच्या थोडं आत जाऊन सोडावं लागतं.

गरम खिळा, आणि तो पुन्हा सरळ का होत नाही

नुकताच वाकवलेला खिळा बाकाजवळ चांगला गरम लागतो. पहिल्यांदा वाकवणारा दचकतोच. उष्णता हाताची नसते. पोलादाचे थर घसरताना तुम्ही केलेल्या कामाचा बहुतेक भाग उष्णतेत बदलतो.

ढोबळ हिशोब करून बघता येतो. २५ न्यूटन-मीटरने सळई १५० अंशांतून फिरवली तर सुमारे ६५ जूल काम झालं. बाकाचा, प्रत्यक्षात नमलेला भाग दीड सेंटिमीटर धरला तर त्याचं वजन चार ग्रॅम. चार ग्रॅम पोलादात ६५ जूल ओतले की तापमान तीस-पस्तीस अंशांनी चढतं. खोलीत तीस असेल तर बाक साठ-पासष्टवर जातो. थोड्याच वेळात ही उष्णता सळईच्या बाकीच्या भागात पसरते. हाताच्या जोराने एवढ्याशा जागेत एवढी ऊर्जा कोंबली गेली याचा तो थेट पुरावा असतो, आणि मला तो वाकलेल्या आकारापेक्षाही जास्त बोलका वाटतो.

त्याच वेळी बाक कडकही होत असतो. डिसलोकेशन सरकता सरकता वाढतात, एकमेकांत अडकतात, आणि पुढचं घसरणं अवघड होतं. याला वर्क हार्डनिंग म्हणतात. साध्या पोलादात आणखी एक प्रकार घडतो. अर्धवट वाकवून सळई उद्यावर टाकली तर मधल्या काळात कार्बन-नायट्रोजनचे अणू त्या डिसलोकेशनभोवती गोळा होऊन त्यांना जखडतात. दुसऱ्या दिवशी तीच सळई जास्त ताठर लागते. म्हणून सुरू केलेली सळई एका दमात संपवावी, आणि नाही संपली तर नवी घ्यावी.

वाकलेला खिळा सरळ करायला घ्या, म्हणजे हे सगळं एकत्र दिसेल. उलट दिशेला पहिला जोर कमी लागतो, कारण एका दिशेने ताणलेलं पोलाद उलट दिशेने लवकर नमतं (बाउशिंगर परिणाम). पण थोडं उघडल्यावर जुना बाक अडून बसतो. कडक झालेला तो भाग आता शेजारच्या भागापेक्षा बळकट आहे. मग शेजारच नमतो, आणि खिळा सरळ होण्याऐवजी नागमोडी होतो. मधला गुडघा तसाच राहतो.

पीळ देणं

चौकोनी सळईला पीळ देण्यात ओला कपडा पिळण्यासारखीच हालचाल असते, पण पोलादाचं गणित वाकवण्यापेक्षा जरा सौम्य असतं. पोलाद घसरवणाऱ्या ताणापुढे लवकर नमतं, त्यामुळे चौकोनी सळई पिळायला लागणारा जोर ती वाकवायला लागणाऱ्या जोराच्या तीन-चतुर्थांशाच्या आसपास येतो. १२ मिलिमीटर चौकोनी मऊ सळई वाकवायला १०८ न्यूटन-मीटर, पिळायला ८३. अडचण असते ती धरण्याची. सरळ सळई मुठीत धरून फिरवली तर मूठच घसरते. म्हणून लांब सळईची टोकं आधी काटकोनात वाकवून हँडल करतात. तीस सेंटिमीटरचं हँडल असेल आणि दुसरं टोक पक्कं अडकवलेलं असेल, तर ८३ न्यूटन-मीटरला हाताचा जोर लागतो सुमारे २८ किलो.

पिळाची मला आवडणारी गोष्ट म्हणजे तो आपोआप पसरतो. सळईचा जो भाग किंचित मऊ असतो तो आधी पिळला जातो, पिळल्यामुळे कडक होतो, मग पाळी येते शेजारच्या भागाची. असं करत करत पीळ सळईभर चालत जातो आणि शेवटी सगळे वेढे बऱ्यापैकी सारखे दिसतात. गोल सळईलाही असाच पीळ बसतो, फक्त दिसत नाही. चौकोनी सळईच्या चार धारा मळसूत्रासारख्या फिरतात, म्हणून तिथे तो डोळ्यांना कळतो.

पट्ट्या, लांब गज आणि घोड्याची नाल

पट्टीच्या बाबतीत रुंदी साधी मोजली जाते आणि जाडीचा वर्ग होतो. २५ मिलिमीटर रुंद, ५ मिलिमीटर जाड पट्टी चपट्या अंगाने वाकवायला जेवढा जोर लागतो, त्याच्या पाचपट जोर ती उभ्या धारेवर वाकवायला लागतो. नाल इतकी चिवट का असते ते यातून कळतं. नाल उघडायची म्हणजे पट्टीच्या रुंद बाजूशी झुंज घ्यायची, आणि तरफेला मिळतात फक्त नालेचे आखूड पाय. म्हणून एक पाय मांडीवर टेकवून दुसरा ओढतात, सोबत थोडा पीळही देतात.

सॅक्सनीचा शासक ऑगस्टस याने १७११ मध्ये हातांनी मोडलेली नाल ड्रेस्डेनच्या संग्रहात आजही ठेवलेली आहे. इथे एक लक्षात घ्यावं: मोडणं आणि वाकवणं वेगळं. चांगलं पोलाद वाकतं, ठिसूळ लोखंड तुटतं. स्फुरद जास्त असलेलं लोखंड थंड असताना ठिसूळ असतं हे लोहारांना जुन्या काळापासून ठाऊक आहे.

चार-सहा फुटांचे लांब गज मांडीवर, मानेवर टेकवून त्यांचे वेढे आणि नक्षी करणं हा याच छंदाचा वेगळा फाटा. तिथे टेकू असतो, तरफ मोठी असते, त्यामुळे जाडी वाढवता येते. बघायला ते फार सुंदर दिसतं. मात्र मानेवर आणि दातांत गज धरण्याचे प्रकार वर्षानुवर्षांच्या तालमीनंतरचे आहेत. नवख्याने त्यांच्या नादी लागू नये.

सुरुवात करायची तर

तुटण्याचा धोका आधी बोलून घेऊ. दुमडलेल्या सळईच्या बाहेरच्या अंगाला पोलाद तीस टक्क्यांपर्यंत ताणलं जातं. मऊ पोलाद ते सोसतं. कडक बोल्ट बऱ्याचदा सोसत नाही, आणि तुटतो तो तुमच्या पूर्ण जोराखाली, चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर. आट्यांच्या खाचेत ताण साठतो, तडा तिथूनच सुरू होतो. कानस, ड्रिल बिट, स्प्रिंगचं पोलाद आणि ओतीव लोखंड यांना हात लावू नये. डोळ्यांवर चश्मा हवा, दोन्ही टोकं कापडात पूर्ण झाकलेली हवीत, आणि कापलेल्या टोकांची धार कानशीने मारलेली हवी. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब क्षणभर खूप चढतो. रक्तदाब, हृदय किंवा हर्नियाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय यात पडू नये.

सळया एकाच गठ्ठ्यातल्या घ्याव्यात. दोन वेगळ्या गठ्ठ्यांतल्या सारख्याच दिसणाऱ्या सळया कडकपणात वेगळ्या निघू शकतात, मग आपण सुधारलो की पोलाद मऊ होतं हे कळत नाही. सुरुवातीला ५ मिलिमीटरची मऊ सळई, सात इंच लांब. ती सहज जाऊ लागली की जाडी वाढवण्याआधी लांबी अर्ध्या-अर्ध्या इंचाने कमी करत सहा इंचांवर यावं. जाडीची पायरी मोठी असते, लांबीची लहान पाडता येते, आणि आखूड सळई मनगटांना नेमका लागणारा व्यायाम देते. त्यानंतर तीच जाडी, पण ओढून काढलेली चकचकीत सळई. मगच ६ मिलिमीटर.

आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. स्नायू काही आठवड्यांत साथ देऊ लागतात, पण स्नायूबंध त्यांच्यापेक्षा सावकाश घडतात. मनगट, कोपराची आतली बाजू आणि अंगठ्याचं मूळ या तीन जागा बहुतेकांना त्रास देतात. तळहातावरचा वळ दुखतो तो वेगळा, तो दोन दिवसांत जातो. कोपराच्या हाडाजवळ सकाळी उठल्यावर कळ येत असेल, पाण्याचा तांब्या उचलताना दुखत असेल, तर ती कळ पूर्ण जाईपर्यंत सळया बाजूला ठेवाव्यात. पुन्हा सुरू करताना आधीच्यापेक्षा एक जाडी खालची सळई घ्यावी. रोज थोडा वेळ रबर बँड पाच बोटांभोवती अडकवून बोटं उघडावीत. मूठ आवळणाऱ्या स्नायूंना इतकं काम पडतं की बोटं उघडणारे स्नायू मागे राहतात, आणि कोपराच्या बऱ्याच तक्रारींची सुरुवात तिथून होते.